आभासी यंत्रांच्या राखीव प्रती : अपरिवर्तनीयता व जतनमुदत यांचे विवेचन

सारांश : संगणकीय माहितीची राखीव प्रत घेतली म्हणजे माहिती सुरक्षित झाली, हा समज गेल्या दशकातील अनेक घटनांनी चुकीचा ठरविला आहे. प्रशासकाचे अधिकार ज्याच्या हाती पडतात, तो मूळ माहितीबरोबर तिची प्रतही पुसू शकतो. या संकटावर उपाय म्हणून ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही पुसता न येणाऱ्या प्रती ठेवण्याची सोय उपलब्ध झाली आहे. तथापि ही सोय सुरू करणे पुरेसे नाही. राखीव प्रत ठेवण्याची मुदत आणि ती कुलूपबंद राहण्याची मुदत या दोन भिन्न गोष्टी असून त्यांचा मेळ घातला नाही, तर संरक्षण अपुरे पडते किंवा खर्च हाताबाहेर जातो. प्रस्तुत लेखात या दोन मुदतींचे स्वरूप, परस्परसंबंध व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : आभासी यंत्र, राखीव प्रत, ऑब्जेक्ट स्टोरेज, अपरिवर्तनीयता, जतनमुदत, कुलूपमुदत.

१. प्रस्तावना

जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस ही संगणक प्रणालींचा मूळ मजकूर सांभाळणारी कंपनी सुमारे १२ तासांत संपुष्टात आली. एका हल्लेखोराने कंपनीच्या ॲमेझॉन मेघसेवेतील नियंत्रण कक्षात प्रवेश मिळविला व खंडणी मागितली. कंपनीने ताबा परत घेण्याचा प्रयत्न करताच त्याने आभासी यंत्रे, त्यांचे स्नॅपशॉट आणि साठवणुकीतील राखीव प्रती पुसून टाकल्या. कंपनीकडे प्रती होत्या, परंतु मूळ माहिती व प्रती या दोहोंना एकच किल्ली लागू होती. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कमधील क्लाउडनॉर्डिक या सेवादात्या कंपनीवर असाच प्रसंग ओढवला. सर्व्हर एका माहिती केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलविले जात असताना हल्लेखोरांना मध्यवर्ती प्रशासन यंत्रणेपर्यंत पोहोचता आले. त्यांनी ग्राहकांच्या सर्व्हरबरोबर प्राथमिक व दुय्यम अशा दोन्ही बॅकअप यंत्रणा कूटबद्ध केल्या. बहुसंख्य ग्राहकांनी आपली सर्व माहिती गमावली.

याउलट काही संस्था बचावल्या. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रणालीने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले. नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीकडे अनेक सर्व्हरच्या प्रती होत्या. मात्र कोणत्या वापरकर्त्याला कोणता अधिकार आहे हे ठरविणाऱ्या डोमेन कंट्रोलर सर्व्हरची स्वतंत्र प्रत नव्हती. हे सर्व्हर परस्परांशी सतत जुळवून घेतात, म्हणून ते एकमेकांच्या प्रती आहेत असे गृहीत धरले गेले होते. अखेरीस घाना येथील कार्यालयातील एक डोमेन कंट्रोलर शाबूत सापडला. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका यंत्राच्या आधारे पुढील उभारणी झाली.

घाना येथे जे योगायोगाने घडले, ते नियमाने घडवून आणणे हे अपरिवर्तनीय राखीव प्रतीचे प्रयोजन होय. प्रशासकाचे अधिकार गमावले, तरी एक प्रत हल्लेखोराच्या हाताबाहेर राहिली पाहिजे. हा नियम किती दिवसांसाठी लागू करावयाचा, हा प्रश्न मात्र कोणतीही प्रणाली परस्पर सोडवीत नाही. तो संस्थेलाच सोडवावा लागतो.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) आभासी यंत्राच्या राखीव प्रतीची रचना समजून घेणे.
(२) ऑब्जेक्ट स्टोरेजमधील कुलपाचे प्रकार व त्यांचे कार्य स्पष्ट करणे.
(३) जतनमुदत व कुलूपमुदत यांतील भेद व संबंध उदाहरणांसह मांडणे.
(४) या व्यवस्थेच्या तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर मर्यादांचा विचार करणे.

३. आभासी यंत्राची राखीव प्रत

एकाच प्रत्यक्ष सर्व्हरवर हायपरव्हायजर या प्रणालीच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र संगणक चालविता येतात. अशा प्रत्येक संगणकास आभासी यंत्र असे म्हणतात. त्याची संपूर्ण डिस्क ही हायपरव्हायजरच्या दृष्टीने एक फाइल असते. त्यामुळे कार्यप्रणाली, उपयोजने व माहिती यांची एकत्रित प्रत घेता येते आणि यंत्र जसेच्या तसे दुसऱ्या सर्व्हरवर उभे करता येते.

दररोज संपूर्ण डिस्कची प्रत घेणे परवडणारे नाही. म्हणून प्रथम एक पूर्ण प्रत घेतली जाते व त्यानंतर केवळ बदललेल्या खंडांची वाढीव प्रत घेतली जाते. कोणते खंड बदलले याची नोंद ठेवण्याची सोय व्हीएमवेअर कंपनीने २००९ मध्ये आपल्या व्हीस्फिअर ४ या आवृत्तीत दिली. त्यामुळे रोजच्या प्रतीचे काम पुष्कळ हलके झाले. ज्या दिवसाची स्थिती परत आणता येते त्यास पुनर्स्थापन बिंदू म्हणतात. पूर्ण प्रत व तिच्यावर आधारलेले वाढीव बिंदू मिळून एक साखळी तयार होते.

या साखळीचा एक गुणधर्म पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. ३१ मार्चचा पुनर्स्थापन बिंदू केवळ ३१ मार्च रोजी लिहिलेल्या खंडांवर उभा नसतो. जे खंड १ मार्चनंतर बदललेच नाहीत, ते १ मार्चच्या पूर्ण प्रतीतूनच घ्यावे लागतात. साखळीतील जुना खंड नष्ट झाला, तर त्यावर विसंबलेला नवा बिंदूही निरुपयोगी ठरतो. सारांश, राखीव प्रतीचे वय आणि तिच्यातील खंडांचे वय एकच नसते.

४. ऑब्जेक्ट स्टोरेज आणि कुलूप

नेहमीच्या फाइल व्यवस्थेत फाइल उघडून तिचा मधलाच भाग बदलता येतो. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये तसे करता येत नाही. येथे प्रत्येक वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, संपूर्ण लिहिली जाते, तिला एक नाव असते आणि ती बकेट नावाच्या कप्प्यात ठेवली जाते. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस३ या नावाने ही सेवा सुरू केली. पुढे तिची विनंती-पद्धत इतर अनेक उत्पादनांनी स्वीकारल्यामुळे संस्थेच्या स्वतःच्या माहिती केंद्रातही अशी साठवणूक उभारता येते.

एकदाच लिहावे व अनेकदा वाचावे, या तत्त्वावर चालणाऱ्या साठवणुकीची कल्पना मेघसेवेपेक्षा जुनी आहे. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने १९९७ मध्ये रोखे दलालांना इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवण्याची मुभा देताना, त्या पुन्हा लिहिता वा पुसता येऊ नयेत अशी अट घातली होती. २०२२ मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन प्रत्येक बदलाचा मागोवा ठेवण्याचा पर्यायही मान्य करण्यात आला. २०१८ मध्ये ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गुगल या तिन्ही कंपन्यांनी आपापल्या साठवणुकीत अपरिवर्तनीयतेची सोय खुली केली. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हीम या बॅकअप प्रणालीच्या १० व्या आवृत्तीने तिचा आधार घेतला. नोंदी जपण्यासाठी तयार झालेले साधन अशा रीतीने खंडणीखोरांविरुद्धच्या संरक्षणाचे साधन बनले.

एस३ मधील ऑब्जेक्ट लॉक ही सोय वस्तूच्या आवृत्तीवर लागू होते. त्यासाठी बकेटमध्ये आवृत्त्या जपण्याची व्यवस्था चालू असावी लागते. तिचे तीन प्रकार आहेत.

(अ) गव्हर्नन्स प्रकार : या प्रकारात सामान्य वापरकर्त्याला कुलूपबंद आवृत्ती पुसता येत नाही. मात्र ज्याला विशेष परवानगी दिली आहे तो कुलूप ओलांडू शकतो.

(आ) कम्प्लायन्स प्रकार : या प्रकारात मुदत संपेपर्यंत खात्याच्या सर्वोच्च मालकालाही आवृत्ती पुसता येत नाही, मुदत कमी करता येत नाही वा प्रकार बदलता येत नाही. मुदत वाढविणे मात्र शक्य असते.

(इ) लीगल होल्ड : या प्रकाराला मुदत नसते. परवानगी असलेली व्यक्ती तो काढेपर्यंत तो लागू राहतो. न्यायालयीन प्रकरण किंवा चौकशी चालू असताना त्याचा उपयोग होतो.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर सेवेत धोरण आधी न अडकवता तपासून पाहता येते आणि नंतर कायमचे अडकविता येते. तेथे मुदत १ पासून १,४६,००० दिवसांपर्यंत, म्हणजे सुमारे ४०० वर्षांपर्यंत, देता येते. गुगलच्या सेवेत बकेटचे धोरण एकदा अडकविले की त्याची मुदत वाढविता येते, कमी करता येत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कुलूपबंद वस्तूवर नव्याने लिहिण्याची वा ती पुसण्याची आज्ञा दिल्यास एस३ ती आज्ञा नाकारतेच असे नाही. नवे लेखन जुन्या आवृत्तीच्या वर नवी आवृत्ती म्हणून बसते. आवृत्ती न सांगता पुसल्यास केवळ एक पुसल्याची खूण ठेवली जाते. त्यामुळे हल्ल्यानंतर बकेट रिकामी दिसू शकते किंवा तिच्यात निरर्थक माहिती दिसू शकते, तथापि मूळ आवृत्ती खाली शाबूत असते. विशिष्ट आवृत्ती कायमची पुसण्याची आज्ञा मात्र नाकारली जाते. म्हणून पुनर्स्थापनेच्या वेळी जुन्या आवृत्त्यांपर्यंत कसे पोहोचावयाचे, हे बॅकअप प्रणालीला व तिच्या प्रशासकाला आधीच माहीत असले पाहिजे.

५. दोन मुदती

राखीव प्रतींच्या व्यवस्थेत दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. पहिले घड्याळ बॅकअप प्रणालीचे असते. इतक्या दिवसांचे बिंदू ठेवावेत व त्यापेक्षा जुने पुसावेत, हा नियम म्हणजे जतनमुदत होय. दुसरे घड्याळ साठवणुकीचे असते. अमुक तारखेपर्यंत ही आवृत्ती कोणालाही पुसू देऊ नये, हा नियम म्हणजे कुलूपमुदत होय. पहिला नियम संस्थेची इच्छा सांगतो, तर दुसरा नियम संस्थेच्या इच्छेलाही बंधन घालतो. या दोन नियमांचे परस्परसंबंध तीन प्रकारचे असू शकतात.

पहिला संबंध, जतनमुदत कुलूपमुदतीपेक्षा मोठी : जतनमुदत ९० दिवस व कुलूपमुदत १४ दिवस असल्यास यादीत ९० बिंदू दिसतात. प्रत्यक्षात हल्लेखोरापासून सुरक्षित असे बिंदू शेवटच्या १४ दिवसांचेच असतात. उरलेले ७६ दिवसांचे बिंदू चांगल्या प्रशासकाच्या भरवशावर असतात. ही रचना चुकीचीच असते असे नाही. परंतु संस्थाचालकांना ९० दिवसांचे संरक्षण आहे असे सांगितले गेले असेल, तर ती त्यांची दिशाभूल ठरते.

दुसरा संबंध, कुलूपमुदत जतनमुदतीपेक्षा मोठी : प्रणाली मुदत संपलेला बिंदू पुसू पाहते व साठवणूक नकार देते. माहिती जागा व्यापीत राहते आणि तिचे भाडे द्यावे लागते. जागा कमी पडली तरी ती मोकळी करता येत नाही. कुलूपमुदत चुकून ३६५ ऐवजी ३,६५० दिवस लिहिली गेली आणि प्रकार कम्प्लायन्स असेल, तर एका शून्याची किंमत सुमारे १० वर्षे मोजावी लागते.

तिसरा संबंध, दोन्ही मुदती जवळपास समान : बहुतेक संस्थांसाठी अल्पकालीन प्रतींच्या बाबतीत हाच मार्ग सोयीचा ठरतो. तथापि पुढील भागात वर्णन केलेल्या मुदतवाढीमुळे पुसण्याची प्रत्यक्ष तारीख काहीशी पुढे जाते, हे लक्षात ठेवावे लागते.

जतनमुदत दिवसांत मोजली आहे की बिंदूंच्या संख्येत, यालाही महत्त्व आहे. १४ बिंदू ठेवावेत असा नियम असेल आणि कोणी एकाच दिवशी प्रतीचे काम १४ वेळा चालविले, तर प्रणाली स्वतःच जुने चांगले बिंदू पुसण्यास निघते. ही आज्ञा प्रणालीच्या दृष्टीने नियमानुसारच असते. अशा वेळी जुन्या बिंदूंचे रक्षण करणारी गोष्ट म्हणजे साठवणुकीतील कुलूप.

मुदतीची नोंद रिकामी सोडणे हाही एक निर्णयच ठरतो. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातील सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीची गुगल मेघसेवेतील खासगी यंत्रणा नाहीशी झाली आणि सेवा सुमारे आठवडाभर विस्कळीत राहिली. गुगलने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार यंत्रणा उभारताना एका अंतर्गत साधनातील एक नोंद रिकामी राहिली होती. त्यामुळे एक वर्षाची मुदत आपोआप लागू झाली व ती संपताच यंत्रणा पुसली गेली. येथे कोणी हल्लेखोर नव्हता. त्याच भागातील ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवलेल्या प्रतींवर या पुसण्याचा परिणाम झाला नाही आणि त्रयस्थ बॅकअप प्रणालीसह त्या पुनर्स्थापनेस उपयोगी पडल्या. मुदतीची अनवधानाने झालेली निवड किती महाग पडू शकते व स्वतंत्र प्रत किती मोलाची असते, या दोन्ही गोष्टी या एका घटनेत दिसून येतात.

६. मुदतवाढ व खर्च

ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवलेल्या साखळीत एक खंड एकदाच लिहिला जातो व अनेक बिंदू त्याचा उपयोग करतात. १ मार्च रोजी लिहिलेल्या खंडाला ३० दिवसांचे कुलूप लावले, तर ते ३१ मार्च रोजी संपते. परंतु ३१ मार्चच्या बिंदूला तोच खंड एप्रिलअखेरपर्यंत हवा असतो. म्हणून बॅकअप प्रणालीला वापरात असलेल्या प्रत्येक जुन्या खंडाची कुलूपमुदत वेळोवेळी वाढवावी लागते. ही वाढ झाली नाही, तर नवा बिंदू कुलूपबंद आणि त्याचा पाया मात्र उघडा, अशी विचित्र स्थिती निर्माण होते. याच कारणास्तव बकेटवर सरसकट मुदत लावून निश्चिंत राहणे योग्य नाही. मुदतवाढीचे गणित जाणणाऱ्या प्रणालीकडेच ते काम सोपविले पाहिजे. व्हीमसारख्या प्रणालीत बकेटवर पूर्वनिर्धारित मुदत लावू नये, असेच सांगितले जाते.

प्रत्येक खंडाची मुदत वाढविणे ही साठवणुकीला केलेली स्वतंत्र विनंती असते व मेघसेवेत विनंतीगणिक शुल्क आकारले जाते. एक टेराबाइटच्या प्रतीत लक्षावधी खंड असू शकतात. सर्वांची मुदत रोज वाढविल्यास साठवणुकीपेक्षा विनंत्यांचाच खर्च वाढेल. हे टाळण्यासाठी काही प्रणाली ठरावीक दिवसांचा एक गट मानतात आणि त्या गटातील खंडांना आवश्यकतेपेक्षा तितके दिवस अधिक कुलूप आधीच लावून ठेवतात. गटाचा काळ १० दिवस असेल, तर ३० दिवसांची कुलूपमुदत प्रत्यक्षात ४० दिवसांपर्यंत जाऊ शकते.

याचा खर्चावरील परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. एका सर्व्हरवर १,००० गिगाबाइट माहिती आहे, रोज २ टक्के, म्हणजे २० गिगाबाइट, बदलते आणि माहिती आकुंचित केली जात नाही, असे मानू.

(१) एक पूर्ण प्रत व २९ वाढीव प्रती असे ३० बिंदू ठेवल्यास १,००० + (२९ × २०) = १,५८० गिगाबाइट जागा लागते.

(२) मुदतवाढीमुळे ४० दिवसांचे बिंदू राहिल्यास १,००० + (३९ × २०) = १,७८० गिगाबाइट जागा लागते. ही वाढ सुमारे १३ टक्के आहे.

(३) दर आठवड्याला नवी पूर्ण प्रत लिहिण्याची पद्धत ठेवल्यास एका आठवड्याची साखळी १,००० + (६ × २०) = १,१२० गिगाबाइटची होते. ३० बिंदू कायम राखण्यासाठी सर्वांत जुनी साखळी तिचा शेवटचा बिंदू कालबाह्य होईपर्यंत पुसता येत नाही. त्यामुळे सर्वाधिक भाराच्या दिवशी पाच साखळ्या व एक नवी पूर्ण प्रत, म्हणजे ६,६०० गिगाबाइट जागा व्यापली जाते.

तिन्ही ठिकाणी संस्थेने ठरविलेली मुदत ३० दिवसांचीच आहे, परंतु जागेची गरज चौपटीहून अधिक बदलते. म्हणून कुलूप लावण्यापूर्वी प्रतीची पद्धत ठरविणे व जागेचा हिशेब मांडणे क्रमप्राप्त आहे. कुलूप लावल्यानंतर हिशेब चुकल्याचे कळले, तर दुरुस्तीला वाव राहत नाही.

७. मुदत किती असावी?

सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा देता येत नाही. तथापि आकडा ठरविण्याची रीत सांगता येते. कुलूपमुदत ही तीन कालखंडांच्या बेरजेपेक्षा अधिक असावी. पहिला कालखंड नुकसान सुरू झाल्यापासून ते लक्षात येईपर्यंतचा, दुसरा चौकशी व निर्णय यांचा आणि तिसरा प्रत्यक्ष पुनर्स्थापनेचा.

पुष्कळदा केवळ पहिलाच कालखंड विचारात घेतला जातो. समजा, कुलूपमुदत १४ दिवस आहे. नुकसान नवव्या दिवशी लक्षात आले व कोणता बिंदू निर्दोष आहे हे ठरविण्यास सहा दिवस लागले. तोपर्यंत पंधरावा दिवस उजाडतो. नुकसानापूर्वीच्या शेवटच्या बिंदूचे कुलूप चौदाव्या दिवशीच उघडलेले असते. हल्लेखोर अद्याप यंत्रणेत असेल, तर तो बिंदू त्याच्या हाती लागतो. हल्लेखोर नसला, तरी जतनमुदत संपल्यामुळे प्रणाली स्वतः तो पुसू शकते. म्हणून संशय येताच करावयाच्या कामांत महत्त्वाच्या बिंदूंची मुदत वाढविणे व जुने बिंदू पुसण्याचे काम थांबविणे यांचा समावेश असावा. ही कामे कोणी करावयाची, हेही आधी लिहून ठेवलेले असावे.

निर्दोष माहिती व निर्दोष यंत्र यांतही फरक करावा लागतो. घातक प्रणाली यंत्रात अनेक आठवडे दडून राहिलेली असू शकते. अशा वेळी कुलूपबंद प्रतीतही ती जशीच्या तशी असते, कारण कुलूप प्रतीचे रक्षण करते, तिची तपासणी करीत नाही. कूटबद्धतेपूर्वीच्या दिवसाची माहिती मात्र वापरण्याजोगी असू शकते. ती माहिती नव्याने उभारलेल्या स्वच्छ यंत्रात घालणे हा अशा प्रसंगी सुरक्षित मार्ग ठरतो.

दीर्घकालीन प्रतींसाठी आजोबा, वडील व मुलगा या नावाने ओळखली जाणारी जुनी पद्धत अद्याप उपयोगी आहे. तिच्यात रोजचे बिंदू काही आठवडे, आठवड्याचे काही महिने आणि महिन्याचे काही वर्षे ठेवले जातात. प्रत्येक थराला त्याच्या उपयोगानुसार वेगळी कुलूपमुदत देणे श्रेयस्कर ठरते.

८. कुलपाच्या मर्यादा

(१) खाते : कम्प्लायन्स प्रकारातील वस्तू पुसता येत नसली, तरी ॲमेझॉनचे संपूर्ण खाते बंद करण्याचा मार्ग उरतो. म्हणून राखीव प्रतींचे खाते मूळ यंत्रणेच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. त्याचे परवलीचे शब्द स्वतंत्र असावेत व प्रवेशासाठी दुहेरी पडताळणी असावी.

(२) कूटकिल्ली : प्रती कूटबद्ध केलेल्या असतील, तर त्यांची किल्ली नष्ट होताच शाबूत प्रतही वाचता येत नाही. ॲमेझॉनच्या किल्ली व्यवस्थापन सेवेत किल्ली पुसण्यापूर्वी ७ ते ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो. कुलूपमुदत ९० दिवसांची आणि किल्लीचे रक्षण ७ दिवसांचे, अशी विसंगती राहू देऊ नये.

(३) घड्याळ व डिस्क : स्वतःच्या माहिती केंद्रातील साठवणुकीत कुलूप कधी उघडावयाचे हे सर्व्हरच्या घड्याळावरून ठरते. घड्याळ पुढे सरकविणारा किंवा सर्व्हरची डिस्कच पुसणारा मनुष्य कुलपाला हात न लावता ते निष्फळ करू शकतो. साठवणुकीचा सर्व्हर त्याच हायपरव्हायजरवर आभासी यंत्र म्हणून चालविणे हे तिजोरीची किल्ली तिजोरीवरच ठेवण्यासारखे आहे.

(४) गोपनीयता : कुलूप पुसण्यापासून वाचविते, चोरीपासून नाही. माहिती चोरून ती उघड करण्याची धमकी देणाऱ्या खंडणीखोरापुढे अपरिवर्तनीयतेचा उपयोग होत नाही.

(५) न तपासलेली प्रत : कधीही पुनर्स्थापित करून न पाहिलेली कुलूपबंद प्रत हे केवळ गृहीतक असते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला व रुग्णसेवेचे कामकाज हस्तलिखित पद्धतीने करावे लागले. हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून माहिती परत मिळविण्यात आल्याचे केंद्र शासनाने संसदेत सांगितले. माहिती मिळाली, तरी सेवा पूर्ववत होण्यास पुष्कळ दिवस लागले. प्रत असणे व काम सुरू होणे यांतील हे अंतर सरावानेच कमी होते.

९. कायदा व अपरिवर्तनीयता

भारतातील संस्थांना या संदर्भात दोन विरुद्ध दिशांनी येणारी बंधने पाळावी लागतात. काही कायदे माहिती जपण्यास सांगतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. २०२२ मधील नियमदुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज असावी लागते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक ठरले आहे.

याउलट अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मधील कलम ८ नुसार, व्यक्तीने संमती मागे घेतल्यास किंवा माहितीचा हेतू संपल्यास, अन्य कायद्याने जपणूक आवश्यक नसेल तर ती माहिती पुसणे अपेक्षित आहे. कम्प्लायन्स प्रकारात कुलूपबंद केलेल्या डिस्कच्या प्रतीतून एका व्यक्तीची नोंद वेगळी काढून पुसता येत नाही. त्यासाठी संपूर्ण प्रतीची मुदत संपण्याची वाट पाहावी लागते.

यातून मार्ग काढताना राखीव प्रत व अभिलेख यांतील भेद उपयोगी पडतो. राखीव प्रत ही यंत्रणा पुन्हा उभी करण्यासाठी असते, तर अभिलेख हा विशिष्ट दस्तऐवज जपण्यासाठी असतो. आठ वर्षे हिशेब ठेवावयाचे म्हणून संपूर्ण आभासी यंत्राची प्रत आठ वर्षे कुलूपबंद करणे हे धान्याच्या एका पोत्यासाठी संपूर्ण कोठार अडवून ठेवण्यासारखे आहे. हिशेबाचे दस्तऐवज स्वतंत्र अभिलेखात दीर्घ मुदतीने ठेवावेत आणि यंत्राच्या प्रतीची मुदत काही आठवड्यांची वा महिन्यांची ठेवावी. असे केल्यास माहिती पुसण्याचे कर्तव्यही वाजवी विलंबाने पार पाडता येते. प्रतीतून यंत्र पुन्हा उभे केल्यास त्या दरम्यान पुसलेल्या नोंदी पुन्हा जिवंत होतात. त्या परत पुसता याव्यात यासाठी पुसलेल्या नोंदींची यादी स्वतंत्र ठेवणेही आवश्यक आहे.

१०. निष्कर्ष

(१) राखीव प्रत मूळ यंत्रणेच्या प्रशासकाला पुसता येत असेल, तर ती हल्लेखोरालाही पुसता येते.
(२) जतनमुदत व कुलूपमुदत या भिन्न असून संस्थेच्या संरक्षणाचा खरा कालावधी कुलूपमुदतीवरून ठरतो.
(३) कुलूपमुदत ठरविताना नुकसान लक्षात येण्याचा, चौकशीचा व पुनर्स्थापनेचा असे तिन्ही कालखंड मोजावेत.
(४) साखळीतील जुन्या खंडांची मुदतवाढ होते किंवा नाही, याची खात्री करून घ्यावी व जागेचा हिशेब त्यानुसार मांडावा.
(५) प्रथम गव्हर्नन्स प्रकारात व अल्प मुदतीने चाचणी घ्यावी. पुनर्स्थापना यशस्वी झाल्यावरच कम्प्लायन्स प्रकाराकडे वळावे.
(६) खाते, कूटकिल्ली व घड्याळ यांचे रक्षण कुलपाइतकेच काटेकोर असावे.
(७) कायदेशीर जपणुकीसाठी अभिलेख व आपत्तीतून सावरण्यासाठी राखीव प्रत, अशी विभागणी करावी.

समारोप

अपरिवर्तनीयता ही बाह्यतः एक तांत्रिक सोय दिसते. वस्तुतः ती संस्थेने स्वतःच्या अधिकारावर आधीच घालून घेतलेली मर्यादा आहे. उद्या प्रशासकाच्या नावाने कोणी चुकीची आज्ञा दिली, तर ती मानली जाऊ नये, असा हा निर्णय असतो. तो मागे घेता येत नाही, यातच त्याचे सामर्थ्य आहे आणि यातच त्याचा धोकाही आहे. म्हणून मुदतीचा आकडा लिहिण्याचे काम एकट्या संगणक विभागावर सोपवून चालणार नाही. किती दिवसांचे नुकसान सोसता येईल, किती खर्च परवडेल आणि कोणती माहिती किती काळ जपणे उचित आहे, या प्रश्नांची उत्तरे संस्थेचे व्यवस्थापन, लेखा विभाग व विधी सल्लागार यांनी एकत्र बसून द्यावयाची आहेत. त्या उत्तरांवर आधारलेला आकडाच आपत्तीच्या दिवशी उपयोगी पडतो.